पाय लागत नाही

माझी बायको ज्या वॉर्डात सिस्टर आहे, तिथे वेळेआधी जन्मलेली बाळं ठेवतात. काचेच्या पेट्यांत ओंजळीएवढी बाळं, आणि प्रत्येकाच्या पावलावर एक लाल दिवा. दिवा म्हणजे पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब. मऊ पट्टी असते, ती पावलाभोवती गुंडाळायची. एका बाजूने उजेड आत जातो, दुसऱ्या बाजूला तो मोजला जातो, आणि नाडी किती, रक्तात प्राणवायू किती, ते मॉनिटरवर उमटतं. खाली एक लाट धावत असते. रक्त येतंय तोवर लाट उठते. हे सगळं मला लग्नानंतर लगेच पाठ झालं, कारण आमच्याकडे जेवताना दुसरा विषयच नसे. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. क्लच आणि गिअर यांवर माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण ऐकतं कोण.

त्या वॉर्डाची स्वतःची बोली आहे. बाळाने लाथा झाडल्या, पट्टी सैल झाली, पाऊल गार पडलं, की लाट सपाट होते, आकडा येतो आणि जातो, आणि अलार्म बोंबलायला लागतो. याला तिथे म्हणतात, "पाय लागत नाही." फोन लागत नाही, तसा पाय लागत नाही. सासूबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, लागला तर नमस्कार करावा, नाही लागला तर एवढा आरडाओरडा कशाला. आम्ही तेव्हा खूप हसलो होतो.

पाय लागला नाही की प्रोब काढून हाताला लावायचा. या कामात माझ्या बायकोचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या सिस्टर पट्टी आवळत बसायच्या, ही जाऊन नुसती उभी राहिली तरी आकडा यायचा, असं म्हणत. वॉर्डात येणारी प्रत्येक नवी मुलगी तिच्याच हाताखाली शिकायची. तिचं एक वाक्य होतं: "मशीनशी भांडत बसू नका. पाय लागत नसेल तर हाताला लावा." पुढे त्या वाक्याची म्हणच झाली. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली दुसऱ्या हॉस्पिटलांत जाऊनसुद्धा ती म्हण सांगतात, हे ती मला अभिमानाने ऐकवायची. मीही कौतुकाने ऐकायचो. माझे शिकाऊ लोक लायसन्स मिळालं की मला रस्त्यात ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

मग आमची मुलगी झाली, आणि तीही वेळेआधी. बायकोचं ब्लडप्रेशर एकाएकी इतकं चढलं की डॉक्टरांनी थांबायला नकार दिला. ऑपरेशन झालं. मुलगी खालच्या मजल्यावर हिच्याच वॉर्डात गेली, आणि ही वरच्या मजल्यावर टाके आणि चढलेलं प्रेशर घेऊन पडून राहिली. उठायची परवानगी नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे त्या वॉर्डाच्या प्रमुखांनी, स्वतः येऊन सांगितलं की आता तुम्ही आई आहात, बाकी आमच्यावर सोडा. डॉक्टर बोलायला फार गोड. त्यांच्या तोंडून वाईट बातमीसुद्धा अभिनंदनासारखी वाटते.

हिने फक्त एक मागणं मागितलं. बाळाजवळ धाकटी हवी. धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी सिस्टर, गंभीर चेहऱ्याची, किडकिडीत, आणि हिच्यावर भक्ती म्हणावी इतका विश्वास असलेली. "ती माझ्या हातची आहे," ही म्हणाली. "माझ्यासारखंच करेल."

मी मुलीचं नाव ठकी ठेवलं होतं, तात्पुरतं. खरं नाव ही बरी झाल्यावर ठरवायचं होतं. ठकीचं कातडं इतकं पातळ होतं की आत काय चाललंय ते दिसेल असं वाटे. पण ती चिवट होती. नाकात बारीक नळी, तोंडात थेंब थेंब दूध, आणि पायाचा आकडा त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. मी दिवसभर वरखाली जिने चढायचो आणि आकडा पोचवायचो. सासूबाई जिन्याच्या तोंडाशीच बसलेल्या असत. "किती आले, जावईबापू?" मी सांगायचो. मला शाळेत गणितात कधी पस्तिसाच्या वर मिळाले नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, बापावर गेलेली नाही, एवढं नशीब.

एका सकाळी मी पेटीजवळ उभा असताना अलार्म झाला. लाट सपाट. आकडा ऐंशीच्या घरात आला, मग गेला, मग नुसत्या रेघा. धाकटीने पट्टी काढून नीट गुंडाळली. नाही. दुसऱ्या पायाला लावली. नाही. नवा प्रोब आणला, स्वतःच्या बोटाला लावून बघितला, तिथे तो झकास चालला. पुन्हा ठकीच्या पायाला, पुन्हा रेघा. तिने ऊब यावी म्हणून पायांवर कापूस ठेवला, थोडं थांबली. शेजारच्या पेटीतलं बाळ त्या आवाजाने दचकायला लागलं. धाकटी माझ्याकडे वळून म्हणाली, "काही नाही, पाय लागत नाहीये," आणि तिने प्रोब उजव्या हाताला लावला.

सत्त्याण्णव. लाट अशी उठली की बघत राहावं. इतका चांगला आकडा ठकीला आजवर आला नव्हता. अलार्म थांबला, शेजारचं बाळ झोपलं, धाकटी हसली. मी तिला म्हणालो, शाब्बास, मोठ्या सिस्टरांची विद्यार्थिनी शोभतेस. ती लाजली.

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. हिला सांगितलं, की पाय लागत नव्हता, मग हाताला लावला, सत्त्याण्णव आले. हिने डोळे न उघडताच विचारलं, लाट चांगली आहे ना. मी म्हणालो, एक नंबर. "मग झालं," ती म्हणाली, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा गाढ झोपली. मी बाहेर येऊन सासूबाईंना निकाल सांगितला. त्या दिवशी मी क्लासही घेतला, आणि एका गृहस्थांनी माझी गाडी फुटपाथवर चढवली तरी त्यांना एक शब्द बोललो नाही.

प्रोब हातालाच राहिला. लागतंय तिथून कोण काढणार? मोठे डॉक्टर राउंडला आले, मॉनिटर बघितला, "छान" म्हणाले, पुढच्या पेटीकडे गेले. ठकी दूध पचवेना, तेव्हा दूध कमी केलं. लघवी कमी झाली, तेव्हा दूध कमी आहे म्हणून लघवी कमी, असं ठरलं. ती रंगाने जरा मळकट दिसते असं मला वाटलं. पण मला वाटण्याला काय किंमत? आकडा सत्त्याण्णव होता. माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं ते मशीन होतं आणि ते खूश होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिचं प्रेशर उतरलं आणि खाली जायची परवानगी मिळाली. मी व्हीलचेअर ढकलत नेली. हिने कोपरापर्यंत हात धुतले, अंगावर गाऊन चढवला. मला वाटलं होतं ही आधी मॉनिटर बघेल. हिने तिकडे मानसुद्धा वळवली नाही. पेटीच्या बाजूची गोल खिडकी उघडली, आत हात घातला आणि ठकीची दोन्ही पावलं मुठीत घेतली.

तेवढंच. आईने बाळाचे पाय धरावेत तसे धरले. मग अंगठ्याने एक टाच दाबली, सोडली, आणि बघत राहिली. दाबलेली जागा पांढरी पडली आणि पांढरीच राहिली. मग नाडी शोधायला दोन बोटं मांडीच्या सांध्यात ठेवली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला. तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता, पण तिची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

"पाय कधीपासून लागत नाहीये?" तिने विचारलं.

"काल सकाळपासून," धाकटी म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही. पण हात छान लागतोय, सिस्टर. सत्त्याण्णव आहे."

"डॉक्टरांना बोलव," ही म्हणाली. "पळ."

काय झालं होतं ते डॉक्टरांनी मला नंतर समजावून सांगितलं, आणि मला ते फार लवकर समजलं. अवघड असतं तर बरं झालं असतं. हृदयातून निघणारी मोठी नळी आधी उजव्या हाताला रक्त देते आणि मग वळून खाली पायांकडे जाते. ठकीची ती नळी वळणापुढे चिंचोळी होती. इतके दिवस तिचं निभावलं होतं ते एका जोडरस्त्यावर. पोटातल्या प्रत्येक बाळाला तो असतो आणि जन्मानंतर आपोआप बंद होतो. ठकीचाही बंद होत आला. सगळ्यांचा होतो तसाच, काही वाईट मनात न ठेवता. हाताला रक्त पोचत होतं. पायांना, पोटाला, मूत्रपिंडांना पोचत नव्हतं. मशीन बिघडलेलं नव्हतं, पट्टी सैल नव्हती. पाय लागत नव्हता, कारण पायात लागण्याजोगं काही उरलं नव्हतं. मशीन खरं बोलत होतं आणि आम्ही त्याला जिथे बरं बोलता येईल अशा जागी नेऊन बसवलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात. आम्ही तर बंबही नेला नाही. सोमेश्वरी आग नाही, एवढं बघून आनंदाने परत आलो.

तो जोडरस्ता पुन्हा उघडायचं औषध असतं. ते सुरू केलं. रस्ता थोडा उघडलाही. दोन्ही पाय लागले. मी तो आकडा बघितला, पण तो वर नेऊन सांगायला वर कोणी उरलं नव्हतं, सगळे खालीच उभे होते. तोवर मूत्रपिंडं थांबली होती. पोट फुगून निळसर झालं. हेच औषध आदल्या दिवशी सकाळी सुरू झालं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटी त्यांनी ठकीला हिच्या छातीवर दिलं. हिने सांगून प्रोब काढून टाकायला लावला. आता मोजू नका, म्हणाली. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी कोणालाही आकडा विचारला नाही. ठकी गेली कधी, ते आम्हाला नेमकं कळलं नाही. न कळलेला तेवढा वेळ ती अजून आहे असं धरता आलं, याचं मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. घरी आल्यावर मी इतका रडलो की शेजारचे बघायला आले. ही रडली नाही. ही आपले दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून असायची.

मला मात्र कोणीतरी हवं होतं. देवाशी भांडून काय मिळतं? तो केबिनमध्ये सापडत नाही. मला धाकटी सापडली. तिचा तो सत्त्याण्णव बघून हसलेला चेहरा आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि तिला मी शाब्बास म्हटलं होतं, त्याचा राग तर वेगळाच. मी मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन तक्रार केली. सरळ सांगितलं, की त्या मुलीला वॉर्डात ठेवू नका, नाहीतर मी गप्प बसणार नाही.

त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. धाकटीला आधीच बोलावून झालं होतं. ती बाहेर बाकावर बसलेली आम्हाला जाताना दिसली, तिची पिशवी मांडीवर होती. आत डॉक्टरांनी खुर्च्या स्वतः ओढून दिल्या. म्हणाले, की झालं ते फार वाईट झालं, मुलगी नवी आहे, तिचं चुकलं, उद्यापासून ती इथे नसेल. मला समाधान वाटलं. खोटं कशाला सांगू.

ही म्हणाली, "मीच तिला तसं शिकवलं होतं."

डॉक्टर हसले नाहीत, पण आवाज आणखी मऊ झाला. म्हणाले, तुम्ही शिकवलेलं चूक नाही. सगळा वॉर्ड तसंच करतो, मीसुद्धा तसंच सांगतो. हजार वेळा पट्टीच सैल असते. तिने डोकं वापरायला हवं होतं.

"तुम्ही राउंडला आला होतात," मी म्हणालो. "मी तिथेच होतो. तुम्ही छान म्हणालात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "आकडा छानच होता," ते म्हणाले.

माझ्या गाडीत माझ्या पायाशी जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणसाने कोणाला उडवलं, तर उत्तर मला द्यावं लागतं. इथे ज्यांच्या पायाशी ब्रेक होता ते राउंड घेऊन पुढच्या पेटीकडे गेले होते, आणि गाडी चालवायला बसवलेली पोर बाहेर पिशवी घेऊन बसली होती. तरीही, हे मी सांगितलंच पाहिजे, माझी तक्रार मी मागे घेतली नाही. ही माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

बाहेर आलो तेव्हा धाकटी उभी राहिली. रडून झालेलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही. हिला म्हणाली, "सिस्टर, मी तुमच्यासारखंच केलं. तुम्ही सांगितलंत तस्संच."

"नाही," ही म्हणाली. "मी आधी पाय हातात घ्यायचे."

"कधी?"

"दर वेळी. पाय लागत नाही असं कोणी म्हटलं, की मी आधी पाय हातात घेऊन बघायचे. टाच दाबायचे. पाय बरा असला तरच हाताला लावायचे."

धाकटीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "पण हे तुम्ही कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचात, पाय लागत नसेल तर हाताला लावा. एवढंच म्हणायचात. तुम्ही पाय धरता ते बघितलंय मी. मला वाटायचं, लाड करता."

"मलाच माहीत नव्हतं," ही म्हणाली. "हात आपोआप जायचा. त्या दिवशी बाळाचे पाय घेतले, तेव्हा मला कळलं की मी हे करते."

कोणीतरी स्ट्रेचर ढकलत आलं. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे राहिलो आणि ते जाऊ दिलं.

मग धाकटीने विचारलं, "माझ्याआधी ज्या शिकल्या, त्यांनाही नाही सांगितलं?"

ही बाकावर बसली. टाके ओढत असणार, ती हळूच बसली. "नाही," ती म्हणाली.

धाकटी तिच्या शेजारी बसली. पिशवीतून तिने फोन काढला. कोणाकोणाला कळवायचं, याची सुरुवात त्यांनी त्या मुलीपासून केली जी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती आणि तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात आता स्वतःच नव्यांना शिकवत होती. मग तिच्याबरोबरची. मग परदेशी गेलेली. कोण कुठे आहे, कोणाचा नंबर आहे, कोणी कोणाला शिकवलं असेल. मी म्हणालो, गाडी दाराशी आणतो. कोणी ऐकलं नाही. मी जाऊन गाडी आणली, दाराशी लावली, वर येऊन बघितलं, तर दोघी तशाच बसल्या होत्या आणि नावं अजून संपली नव्हती.